वाशिष्ठी आखूड आहे, पण वेगवान?

"कोकणातल्या नद्या आखूड व वेगवान आहेत." दोन मार्कांसाठी आपण सगळ्यांनीच हे लिहिलंय. आमची वाशिष्ठी त्यातलं निम्मंच ऐकते. पावसात सह्याद्रीच्या कड्यावरून पऱ्ये कोसळतात ते वेगानेच, वाद नाही. पण घाट संपला की उतारही संपतो. चिपळुणात गोवळकोटच्या धक्क्यावर जाऊन बघा. दाभोळचं तोंड तिथून चाळीसेक किलोमीटर, तरी भरतीचं पाणी धक्क्याला लागतं. पूर्वी गलबतं इथवर यायची ती याच पाण्यावर. म्हणजे नदी म्हणतो त्यातली निम्मीअधिक खाडीच.

त्यात वरून कोयना. ती खरं तर कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाणारी. पण तिचं वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी बोगद्यांतून पश्चिमेला उतरतं आणि वीज करून कोळकेवाडी धरणामार्गे वाशिष्ठीत येतं. म्हणून मे महिन्यात आजूबाजूच्या नद्यांचे नुसते दगड दिसतात, आमची मात्र वाहत असते.

माझे आजोबा खाडीकाठचे. घड्याळ नव्हतं त्यांच्याकडे, पण तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे. अष्टमी? सहा वाजता. २२ जुलै २०२१ ला त्रयोदशी होती, गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर. तेराची पाऊणपट करा: पावणेदहा. ही खाडीच्या तोंडाशी, आत पोचायला आणखी वेळ. म्हणजे वर रात्रभर पाऊस ओततोय आणि खालून उधाणाचं पाणी चढतंय. आमची बाजारपेठ कुठे, तर शिवनदी आणि वाशिष्ठीच्या बेचक्यात. त्या पुरात काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं.

तेव्हापासून एकच घोषणा ऐकतोय, गाळ काढा. काढाच. पात्रात बेटं माजलीत, त्यांच्यावर झाडं उभी आहेत. पण गाळ काढल्याने नसलेला उतार येत नाही, आणि खोल केलेल्या पात्रातून भरतीसुद्धा सुखाने आत येते. हे बोललं की लोक म्हणतात, तू गाळ काढायच्या विरोधात. अहो, नाही! माझ्या दुकानात पाणी माळ्यापर्यंत होतं, फळीवरची रेघ अजून पुसलेली नाही.

माझं म्हणणं एवढंच, की धरणातून कधी आणि किती सोडायचं हे ठरवताना खाली भरती आहे की ओहोटी तेही बघा, आणि भोंग्याबरोबर आम्हालाही सांगा. "पाण्याची पातळी वाढू शकते" असा मेसेज येतो, त्यात भरतीची वेळ नसते. मग मी आपला दाराआडचं पंचांग काढतो आणि बोटांवर पाऊणपट करत बसतो.