'गोळ्या फेका, दहा हजार पावलं चाला': या फॉरवर्डला एकदाचं उत्तर

फॅमिली ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या जुन्या बॅचचा ग्रुप, सगळीकडे एकच मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की डिप्रेशन आणि अँग्झायटी हे रिकाम्या डोक्याचे उद्योग, रोज पहाटे पाचला उठून १०,००० पावलं चाला, त्यापेक्षा कमी चाललात तर उपयोग शून्य, २१ दिवसांत गोळ्या सुटतात, आणि जिमच्या नादी लागू नका, हल्ली पोरं तिथेच हार्ट अटॅकने जातात. शेवटी 'तुमच्या डिप्रेशनवाल्या मित्राला पाठवा' आणि हात जोडलेले इमोजी. आता व्यायामाने मनाला फरक पडतो हे खरंच आहे, मी स्वतः अँग्झायटीवाली बाई आहे आणि चालते, त्यामुळे व्यायामाच्या विरोधात बोलायला बसलेली नाहीये. पण हा मेसेज वाचून ज्यांना खरी गरज आहे तीच माणसं अजून घट्ट पांघरूण ओढून घेणार, म्हणून एकेक वाक्य धरून बोलते.

'रिकाम्या डोक्याचे उद्योग.' बरं. मग दिवसभर ऊस तोडणाऱ्या माणसाला डिप्रेशन व्हायलाच नको, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशींना तर नकोच नको, कारण घाम त्या रोज गाळतात. पण होतं की त्यांनाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मधे देशभर सर्वेक्षण केलं, त्यात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नव्हते. एवढे सगळे रिकामटेकडे? आणि मुळात उठावंसं न वाटणं, अंगात जीवच नसल्यासारखं होणं हेच त्या आजाराचं लक्षण आहे, त्यालाच आळस म्हणून मोकळं व्हायचं आणि वर पहाटे पाचचा गजर लावायला सांगायचं. ज्याला रात्री दोनपर्यंत झोप लागत नाही त्याने पाचला उठून काय दिवे लावायचेत? संध्याकाळी सातला चाललं तरी शरीराला चालतं. थेरपीत याची वेगळी पद्धत आहे, बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात, त्यात मूड येण्याची वाट बघायची नसते, आधी कृती, आणि तीही एवढीशी की नाही म्हणायला लाज वाटावी. पायात बूट घालायचे, जिना उतरायचा, गेटपर्यंत जाऊन परत यायचं, झालं. वाईट दिवशी बूट घालून दारातल्या स्टुलावर पाच मिनिटं बसून परत काढले तरी ते धरायचं.

'गोळ्या सुटतात.' यातला सगळ्यात घातक भाग हाच. याच्यामागे एक खरा अभ्यास आहे, १९९९ मधे अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात ५० च्या पुढच्या १५६ डिप्रेशनच्या रुग्णांचे तीन गट केले, एकाला व्यायाम, एकाला सर्ट्रालिन ही डिप्रेशनवरची गोळी, एकाला दोन्ही, आणि १६ आठवड्यांनी तिन्ही गट साधारण सारखेच सुधारले. भारीच आहे हे. पण ती माणसं आठवड्यातून तीनदा देखरेखीखाली व्यायाम करत होती, आणि चालू असलेली गोळी आपल्या मनाने बंद करा असं त्या अभ्यासात कुठेही नाही. २०२४ मधे बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २१८ चाचण्यांचा एकत्र आढावा आला, त्यात चालणं किंवा जॉगिंग, योग, वजन उचलणं, सगळ्यांचाच डिप्रेशनवर फायदा दिसला, पण लेखकांनीच सांगितलंय की पुरावा अजून कच्चा आहे, आणि व्यायाम थेरपी आणि औषधांच्या बरोबरीने वापरावा असंच त्यांचं म्हणणं आहे. सर्ट्रालिनसारख्या गोळ्या एकदम थांबवल्या की चक्कर येते, झोप उडते, चिडचिड होते, डोक्यात करंट मारल्यासारखे झटके बसतात, आणि मग माणसाला वाटतं की आजार दुप्पट जोराने परत आला. गोळी कमी करायची असेल तर डॉक्टरला विचारून, हळूहळू. फॉरवर्डला विचारून नाही.

१०,००० च्या आकड्याचं तर काय सांगावं. १९६४ चं टोकियो ऑलिंपिक झालं, जपानमधे फिटनेसचं वारं होतं, तेव्हा १९६५ मधे एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र काढलं आणि त्याच्या नावातच दहा हजार टाकले. विक्रीला बरा दिसणारा गोल आकडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगतात, आणि आधी जी अट होती की एका वेळी किमान दहा मिनिटं तरी सलग हवीत, ती काढून टाकलीय. म्हणजे भाजी आणायला चालत गेलात ती सहा मिनिटंही जमेत. तिथेच असंही म्हटलंय की काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलं बरं. 'कमी तर शून्य' हे कुठून आणलं कोण जाणे.

२१ दिवस हा १९६० मधल्या एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणावरून उचललेला आकडा आहे. लंडनमधे नंतर नीट मोजलं तर सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, कुणाला २५४ इतका फरक. बावीसाव्या दिवशी बरं वाटलं नाही म्हणजे तुम्ही नापास, असं काही नाही.

आता जिम आणि हार्ट अटॅक. यावर जरा थांबते, कारण ज्यांना तब्येतीचीच भीती आहे त्यांना हे एक वाक्य पुरतं. २०२१ मधे कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार हार्ट अटॅकने गेले, २०२२ मधे कॉमेडियन राजू श्रीवास्तव ट्रेडमिलवर कोसळले, आणि तेव्हापासून ट्रेडमिल बघितलं तरी लोकांच्या छातीत धस्स होतं. भीती अगदीच हवेतली नाही. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास २०२३ मधे छापला, त्यात शेवटच्या ४८ तासांतला खूप जोराचा व्यायाम हा एक धोका म्हणून आला, तसाच बेसुमार दारू, कोविडमधे अ‍ॅडमिट होणं आणि घरात अचानक मृत्यूचा इतिहास हेही आले. पण १९९३ चा एक मोठा अभ्यास आहे, त्यात जोराच्या श्रमानंतर लगेच हार्ट अटॅकची शक्यता एरवी बसून राहणाऱ्यांमधे शंभरपटीहून जास्त वाढली आणि आठवड्यात पाच किंवा जास्त वेळा व्यायाम करणाऱ्यांमधे जेमतेम अडीचपट. म्हणजे आठवडाभर खुर्चीत आणि रविवारी मित्रांच्या नादाने सिंहगड पळत चढायचा, धोका तिथे आहे. त्यावर उपाय व्यायाम सोडणं नाही, हळूहळू वाढवणं.

आणि अँग्झायटीवाल्याचं गणित अजून वेगळं. आपण तिसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर थांबलोय, दोन बोटं मानेवर, घड्याळात ठोके १३२, आणि डोकं म्हणतंय संपलं आता. घाबरलं की ठोके वाढतात, वाढले की अजून घाबरायला होतं. जिना चढल्यावर १२०-१४० ठोके होणं हे हृदय नीट चालल्याचं लक्षण आहे, आणि पॅनिकच्या थेरपीत तर मुद्दाम जागच्या जागी पळायला लावून ही धडधड अनुभवायला लावतात, म्हणजे मेंदूला कळतं की धडधड झाली आणि काहीही झालं नाही. मला तरी कुठल्याही रिपोर्टपेक्षा याने जास्त फरक पडला. घड्याळ काढून ठेवा, बोलून बघा: चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तो वेग बरोबर. प्रोप्रानोलॉल, म्हणजे धडधड कमी करणारी गोळी, चालू असेल तर ठोके तसेही फारसे वाढत नाहीत, मग आकडा बघून काय करणार.

मात्र श्रम केल्यावर छातीत दाब येऊन थांबल्यावर जात असेल, व्यायाम करताना शुद्ध हरपली असेल, किंवा घरात कमी वयात कुणी अचानक गेलं असेल, तर ते मनाचे खेळ म्हणून सोडायचं नाही, आधी डॉक्टरांकडे. तपासणी एकदा नीट करा. मग दर पंधरवड्याला नवा ईसीजी काढत बसू नका, त्याने धीर दोन दिवस टिकतो, तिसऱ्या दिवशी परत शंका.

राहिलं 'मित्राला पाठवा'. नका पाठवू. फोन करा आणि 'व्यायाम कर' न म्हणता 'साडेसातला खाली येतोय, कोपऱ्यावर चहा मारू, चालत जाऊ' म्हणा. नाही म्हणाला तर परवा परत विचारा. आणि जगण्यात अर्थ नाही वगैरे बोलायला लागला तर विषय बदलू नका, तिथेच त्याच्यासोबत बसून टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं आणि मराठीत बोलता येतं.