शाळेच्या जागी पार्किंग

शाळा बंद करून तिथे पार्किंग करायचं, असं पडद्यावर ठरलं आणि माझ्या शेजारच्या काकांनी चक्क टाळी वाजवली.

बहिणीच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये, परवा. ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून तिथवर कशी पोचले ते विचारू नका. भाचीची दहावी संपली म्हणून पोरांनी प्रोजेक्टरवर 'सिस्टर अ‍ॅक्ट 2' लावला होता. 1993चा सिनेमा. सॅन फ्रान्सिस्कोतल्या डबघाईला आलेल्या शाळेत व्हूपी गोल्डबर्ग ननच्या वेषात संगीत शिकवायला येते आणि वर्गातल्या टवाळ पोरांचा कॉयर, म्हणजे समूहगायनाचा चमू, उभा करते.

काका कॉयर बघतच नव्हते. ते पार्किंग कमिटीचे प्रमुख.

"केवढा प्लॉट असेल हो?"

"कसला?"

"शाळेचा. स्टॅक पार्किंग केलं तर दोनशे गाड्या आरामात."

"काका, शाळा वाचवायची गोष्ट आहे ही."

"वाचवू देत की. पण व्हिजिटर्सनी गाड्या कुठे लावायच्या?"

त्या वर्गातल्या पोरीचं काम करणारी लॉरिन हिल गायला लागली. मागच्या रांगेतली चिल्लीपिल्लीसुद्धा गप्प झाली. काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हिच्या आईची एनओसी आहे का?"

नव्हती. आईचा गाण्याला विरोध, म्हणून पोरगी परवानगीच्या कागदावर आईची खोटी सही ठोकते. काका खुर्चीतून अर्धे उठले. "बघा! आमच्या बी विंगमध्ये अगदी हेच झालं!" मग बी विंग, तिथला भाडेकरू, त्याची दुसरी बाईक. पडद्यावर कॉयरची स्पर्धा आली तरी भाडेकरू हलेना. शेवटी कॉयरचे वेगवेगळ्या सुरांतले आवाज एकमेकांत मिसळले तेव्हा काका म्हणाले, "चौघं चार सुरांत! आमची सोसायटीची एजीएम बरी."

तेव्हा मी हसले. पण याच कमिटीनं गेल्या गणपतीत पोरांचा समूहगीताचा सराव साडेआठला बंद पाडला होता. आवाज होतो म्हणे. विसर्जनाला डीजे मात्र दहाच्या ठोक्यापर्यंत चालला, कारण त्याची वर्गणी कमिटीनंच काढली होती. पोरं बिचारी स्टिल्टमध्ये, म्हणजे बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये, दोन गाड्यांच्या मधे उभी राहून गायली. दुसऱ्या दिवशी तिथे पाटी लागली: 'येथे थांबू नये.' आणि वर हेच लोक म्हणणार, हल्लीची पिढी मोबाईलमधून डोकं काढत नाही.

खाली आले तर गाडीला जॅमर. वॉचमननं स्वतः शिट्टी वाजवून, "आने दो, आने दो" करून लावायला लावलेल्या जागेवर.

"स्टिकर नाही," काका म्हणाले.

व्हिजिटर स्टिकर कोण देतं? कमिटी. आणि कमिटी कुठे होती? पावणेदोन तास माझ्या शेजारी, माझ्या वेफर्सच्या पाकिटात हात घालून!

पाचशे रुपये भरले. पावतीवर 'दंड' लिहायला काकांना संकोच वाटला असावा. त्यांनी लिहिलं 'सांस्कृतिक निधी'. भाचीनं ती वाचली आणि खूश होऊन म्हणाली, "थँक्यू मावशी! प्रोजेक्टरचं भाडं यातूनच देतात."