डिझायनर व्हायचंय? मग आधी मराठी टाईप करणं सोडा

धानाचे चुकारे झाले आणि बाबांनी तुमच्या ग्राफिक डिझाईनच्या क्लासची फी भरली. अभिनंदन. त्या पैशाचं चीज कसं करायचं हे माझ्याकडून ऐकून घ्या, कारण अशाच एका क्लासातून मी पहिल्या नंबराने पास झालेलो आहे. त्यानंतर अकरा वर्षं वडसा रोडवरच्या एका गाळ्यात बसून फ्लेक्स आणि पत्रिका करतोय. म्हणजे माझा सल्ला माणसाला कुठवर नेऊन सोडतो, तेही तुम्हाला कळलंच.

पहिलं प्रोजेक्ट कॉफी शॉपचं घ्या. आपल्या तालुक्यात कॉफी मिळते ती लग्नाच्या स्टॉलवर, फुस्स आवाज करणाऱ्या मशीनमधून, आणि तीही आईस्क्रीम संपल्यावर. पण म्हणूनच कॉफी शॉप बरं. नसलेल्या दुकानाचा मालक ‘नाव थोडं मोठं कर ना गा’ म्हणायला येत नाही. नाव इंग्रजीच ठेवा. लोगो आधी हाताला येईल तसा काढा, मग त्याच्यावर बारीक रेघांची वर्तुळं टाका आणि बाजूला १.६१८ हा सुवर्ण गुणोत्तराचा आकडा लिहा. वर्तुळं नंतर आली हे कोणाला सांगायचं नसतं. आमच्या सरांनीही सांगितलं नव्हतं. शेवटी तो लोगो व्हिजिटिंग कार्डावर चढवा, कार्ड संगमरवरावर ठेवा आणि वरून मॉन्स्टेराच्या पानाची सावली पाडा. क्लासच्या दारात पळस उभा असला तरी सावली मॉन्स्टेराचीच हवी.

मजकुराच्या जागी लोरेम इप्सम भरा, म्हणजे नुसती जागा भरायचा बिनअर्थाचा मजकूर. रोमच्या सिसेरोने इसवी सन पूर्व ४५ मध्ये लिहिलेल्या लॅटिनची मोडतोड करून ते तयार झालेलं आहे. त्यात शुद्धलेखन चुकत नाही, तारीख-वार जुळवावे लागत नाहीत, आणि नवरीच्या मोठ्या मामाचं नाव राहून गेलं म्हणून कोणी रात्री साडेदहाला दुकानाचं शटर वाजवत नाही.

आता मुख्य सल्ला. मराठी टाईप करू नका.

कारण सांगतो. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना नंबर देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, त्यामुळे अक्षरं कॉम्प्युटरला माहीत असतात. पण ‘वि’ टाईप केला की आत आधी ‘व’ साठवला जातो आणि वेलांटी नंतर. पडद्यावर मात्र वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसली पाहिजे. ही उचलून पुढे आणून ठेवायची हमाली सॉफ्टवेअरला करावी लागते. रफार डोक्यावर चढवणं, जोडाक्षर जुळवणं हेही त्यातच आलं. जुन्या फोटोशॉपमध्ये ही हमाली सुरू नसली तर ‘विदर्भ’ असा काही उमटतो की वेगळं राज्य मागायच्या आधीच त्याचे तुकडे झालेले असतात. उपाय दोन क्लिकचा आहे. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये टाईपच्या पानावर दक्षिण आशियाई लिप्यांसाठी सोय दिलेली असते, ती निवडायची आणि नवी फाईल उघडायची. पण ते करू नका. मराठी नीट उमटायला लागली तर ती वाचावी लागेल, आणि तीन महिन्यांच्या कोर्समध्ये वाचनाचा तास नाही.

तरीही एखादं शीर्षक मराठीत करावंच लागलं, तर इंग्रजीचा नियम लावा. अक्षरं लांब लांब ठेवली की रुबाबदार दिसतात, असं सर सांगतात. इंग्रजीत दिसतातही. मराठीत शिरोरेषा जागोजाग तुटते आणि शब्द खाटेवर वाळत घातलेल्या मुगवड्यांसारखा दिसतो. दिसू द्या. त्याला मिनिमल म्हणायचं. फॉन्ट मंगल घ्या. र. कृ. जोशींनी तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर बारीक अक्षरांतही वाचता यावा म्हणून घडवला, म्हणजे पंधरा फुटी कमानीसाठी तोच योग्य. ‘मुक्त’सारखे चांगले देवनागरी फॉन्ट रीतसर फुकट मिळतात, पण जी गोष्ट चोरावी लागत नाही तिच्यावर आपला जीव बसत नाही. कोणाच्या तरी पेनड्राईव्हमधून आलेले आठशे फॉन्ट कॉम्प्युटरमध्ये भरा. त्यातले सातशे नव्वद कधी उघडू नका.

याच विषयातला माझा स्वतःचा पराक्रम सांगतो. क्लास संपून महिनाही झाला नव्हता. मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रांच्या दिवसांत एका गावाने शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा बॅनर दिला, दहा बाय पंधरा फुटांचा. मी तो कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये केला, जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये. त्या फॉन्टांची गंमत अशी की आत सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, फक्त वरून मराठीचा अंगरखा घातलेला असतो. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर सगळं उघडं. म्हणून छापायला देताना मजकूर ‘कर्व्ह’ करून द्यायचा असतो, म्हणजे अक्षराचं नुसतं चित्र होतं आणि फॉन्ट लागत नाही. आमच्या क्लासात बैलाच्या शिंगाला थ्रीडी इफेक्ट द्यायला दोन तास शिकवलं होतं. कर्व्हचा विषय त्या दिवशी लाईट गेल्यामुळे राहिला.

मी पेनड्राईव्ह जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवला. रात्री दोनला ऑपरेटरने तो लावला. त्याच्यासमोर रांगेत आणखी वीसेक बॅनर होते, त्यानेही काही वाचलं नाही. सकाळी गावाच्या वेशीवर बॅनर चढला. मधोमध खिल्लारी जोडी, शिंगं एकदम थ्रीडी. उद्घाटकांच्या फोटोखाली नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं, दोन अर्धविराम, एक कंस आणि टक्क्याचं चिन्ह. समितीतले चार जण खाली उभे राहून मान वर करून बघत होते.

“हे कोणती भाषा होय जी?”

“इंग्रजी असन.”

“उद्घाटक तर आपलेच होत ना?”

एक म्हातारबा मात्र खूश होते. म्हणाले, अक्षर मोत्यासारखं आलं आहे. पैसे अर्धेच मिळाले, आणि ते मला बरोबरच वाटलं, कारण बैल वाचता येत होते.

बॅनरवरून आठवलं. तीनशे डीपीआय, म्हणजे एका इंचात तीनशे ठिपके, हा मंत्र विसरू नका. पत्रिकेला तो ठीक आहे, ती हातात धरून वाचतात. पण सरांनी ‘नेहमी तीनशे’ असं वहीत उतरवून दिलं आहे, तेव्हा दहा बाय पंधराच्या फ्लेक्सलाही तीनशेच ठेवा. ३६,००० गुणिले ५४,००० पिक्सेल, म्हणजे जवळपास १९४ कोटी ठिपके. फोटोशॉपची साधी पीएसडी फाईल एका बाजूला ३०,००० पिक्सेलच्या पुढे जातच नाही, हे शेवटी सेव्ह करताना कळलं की जास्त लक्षात राहतं. रस्त्यावरून मोटरसायकलवर जाणारा माणूस तीस फुटांवरून बघतो, त्याला बहात्तरही पुरतात. पण मोटरसायकलवरच्या माणसाने कोर्स केलेला नाही. फाईल आरजीबीतच ठेवा, म्हणजे छपाईच्या शाईच्या नव्हे, पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत. पडद्यावरचा पोपटी हिरवा छापून शेवाळासारखा आला, तर शाईवाल्याला दोष देता येतो.

क्लासात ‘व्हिज्युअल हायरार्की’ नावाचा धडा असेल. महत्त्वाचं ते मोठं, कमी महत्त्वाचं ते लहान. त्याचे मार्क घ्या आणि विसरून जा, कारण भावी सरपंचाच्या वाढदिवसाचा बॅनर आला की हायरार्की तुमच्या हातात राहत नाही. वरच्या पट्टीत मोठे नेते, त्यांचा क्रम आदल्या आठवड्यात झालेल्या पक्षप्रवेशाप्रमाणे. मध्ये बर्थडे बॉय, गॉगल लावून, मोबाईल कानाला, चालताना. खाली शुभेच्छुक. माझ्याकडे एकदा एकाच बॅनरवर चौतीस शुभेच्छुक आले होते. सगळे व्हॉट्सॲपवरून, सहा जण लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापायचे, आणि एकाच्या खांद्यावर दुसऱ्याच कोणाचा तरी हात, जो कापूनही उरतो. चौतीस डोकी एका मापाची करून रांगेत बसवली, तेव्हा बाविसाव्याचा फोन आला.

“माहा फोटो त्याच्यापेक्षा बारीक काहून गा?”

मी मापं काढून दाखवली. सारखीच होती. त्याचा चेहराच बारीक होता. पण हे कुठल्या भाषेत सांगायचं, ते कोणत्याच सॉफ्टवेअरच्या हेल्पमध्ये नाही. मी त्याला चार टक्के वाढवलं. मग तेविसाव्याचा फोन आला.

असलं काम पोर्टफोलिओत ठेवू नका. तिथे कॉफी शॉप, परफ्यूमची बाटली आणि ‘पाणी वाचवा’चं पोस्टर एवढं पुरे. झाडीपट्टीतल्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातल्या नाटकांची पोस्टरं तर चुकूनही जवळून बघू नका. वडशाच्या नाटक कंपन्या दरवर्षी गावोगाव ती लावतात. त्यावर नाटकाचं नाव लांबून एका दमात वाचता येतं, आणि कोणत्या गावात, कोणत्या तारखेला, हे अंगठ्याएवढ्या जागेत बसवलेलं असतं. त्यापासून काही शिकून बसलात, तर कॉफी शॉपवरचं मन उडेल.

तर क्लास झाला, सर्टिफिकेट लॅमिनेट झालं, तुम्ही एखाद्या दुकानात बसलात, असं धरू. संध्याकाळी पाच वाजता एक माणूस येईल. डोक्याचे केस काढलेले, हातात वहीचं फाडलेलं पान, चार घड्या घातलेलं. तेरवीच्या पत्रिका पाहिजेत, शंभर, काळ्यात, जमलं तर आजच, कारण सकाळच्या गाडीने नातेवाइकांकडे पाठवायच्या आहेत. पानावर निळ्या पेनाने नावं लिहिलेली असतील, काही खोडून पुन्हा लिहिलेली. बापाच्या नावात नेमकं ते जोडाक्षर, ‘त’ला ‘र’ आणि ‘य’ दोन्ही लागलेले, वर अनुस्वार.

तो तुमच्या स्टुलावर बसेल आणि पडद्याकडे बघत म्हणेल, “नाव तेवढं नीट टाकजा भाऊ.”

त्याला थांबायला सांगा. मॉन्स्टेराची सावली अजून कार्डाच्या डाव्या बाजूला कमी पडते आहे.