लाउफेनबुर्गचा पूल चुकला होता, पण फॉरवर्डमध्ये सांगतात तसा नाही

सिव्हिल इंजिनिअरांच्या ग्रुपांवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो: “जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांनी लाउफेनबुर्गला ऱ्हाइन नदीवर दोन काठांवरून पूल बांधायला घेतला. दोन्ही टोकांत ५४ सेंटिमीटरचा फरक निघाला. दोघांची समुद्रसपाटी वेगळी आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं! पूल पाडावा लागला. समोरासमोर राहूनही परके ते परकेच.”

आकडा बरोबर आहे. बाकी बरंच काही चुकलंय.

आधी ‘गावीही नव्हतं’ याबद्दल. जर्मनी उंची मोजते ती ॲमस्टरडॅमच्या समुद्रपातळीवरून. स्वित्झर्लंडला समुद्रच नाही. त्यांची मोजणी फ्रान्समधल्या मार्सेयच्या भूमध्य समुद्राशी जोडलेली आहे आणि तिचा आधारबिंदू म्हणजे जिनिव्हाच्या सरोवरातला एक खडक, उंची ३७३.६ मीटर. या दोन पद्धतींत २७ सेंटिमीटरचा फरक पडतो. तो ठाऊक होता आणि हिशेबात धरलेलाही होता. फक्त तो उलट्या बाजूने धरला गेला, अधिकच्या जागी वजा. फरक मिटायचा तो दुप्पट झाला. फॉरवर्डमधला ५४ हा आकडाच फॉरवर्डला खोटं पाडतो: फरक कुणाला माहीतच नसता, तर चूक २७ ची झाली असती. म्हणून यातला धडा अज्ञानाचा नाही, तपासणीचा आहे. नवशिक्या इंजिनिअरांपर्यंत नेमका तोच पोचत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पूल पाडला का? नाही. २००३ मध्ये, काम चालू असतानाच चूक सापडली, दुरुस्ती झाली आणि २००४ च्या डिसेंबरात पूल वाहतुकीला खुला झाला.

सगळ्यात जास्त खटकतं ते ‘परके’. लाउफेनबुर्ग हे शेकडो वर्षं एकच गाव होतं, ऱ्हाइनच्या दोन्ही काठांवर वसलेलं, हाब्सबुर्ग राजघराण्याच्या सत्तेखालचं. नदीतल्या धोकादायक धबधब्यांमुळे इथे होड्या थांबवाव्या लागत. माल उतरवून पुढे नेणं आणि साल्मन पकडणं यावर गाव जगत असे. सीमा आली ती नेपोलियनच्या काळात. १८०१ च्या ल्युनेव्हीलच्या तहाने ऱ्हाइन ही हद्द ठरली. डावा काठ १८०३ मध्ये आरगाउ या स्विस प्रांतात गेला, उजवा पुढे बाडेन या जर्मन राज्याकडे. गावाला कुणी विचारलं नाही. जर्मन बाजूला तर कित्येक वर्षं ‘क्लाइनलाउफेनबुर्ग’, म्हणजे धाकटं लाउफेनबुर्ग, म्हणत. १९३० मध्ये तिला पूर्ण नाव मिळालं.

आणि एकत्र काम करता येत नाही म्हणता? पहिल्या महायुद्धाच्या आधी याच गावात नदीच्या आरपार जलविद्युत केंद्र उभं राहिलं. त्यासाठी ते प्रसिद्ध धबधबे मात्र सुरुंगाने उडवले गेले. वारशाचं हे नुकसान ५४ सेंटिमीटरपेक्षा कितीतरी मोठं, पण त्यावर फॉरवर्ड येत नाहीत. १९५८ मध्ये जर्मनी, फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांची वीजजाळी पहिल्यांदा एकमेकांना जोडली गेली, तीही लाउफेनबुर्गलाच, स्विस काठावर.