शेवटी जवळ कोण होतं?

आज सकाळी घरच्या ग्रुपवर एकाने हिरोशिमाच्या अणुबॉम्बच्या ढगाचा फोटो टाकला. खाली लिहिलंय, "आपणही असाच एक टाकायला हवा, विषयच संपेल." त्यावर सात अंगठे, दोन टाळ्या. सगळी शिकलीसवरलेली माणसं. तेव्हापासून डोकं तडकलंय.

त्या ढगाखाली कोण होतं ते तरी माहिती आहे का? जपानी तर होतेच, वर्षअखेरपर्यंत लाखाच्या वर गेले. पण ज्यांनी बॉम्ब टाकला त्या अमेरिकेचीसुद्धा बारा पोरं तिथे होती. कैदेत.

त्यातला एक रॅल्फ नील. बी-२४ बॉम्बरवरचा गनर. २८ जुलै १९४५ ला कुरे बंदरातल्या हारुना युद्धनौकेवर बॉम्ब टाकायला गेले आणि विमान पडलं. पॅराशूटनं उतरले, धरले गेले. वैमानिक कार्टराइटला चौकशीसाठी टोकियोकडे नेलं, म्हणून तो वाचला. नील आणि त्याचे सोबती हिरोशिमात लष्करी पोलिसांच्या कोठडीत राहिले. जिथे बॉम्ब फुटला तिथून अर्धा किलोमीटरसुद्धा नाही.

नील ६ ऑगस्टला, बॉम्ब पडला त्या दिवशी, गेला नाही. तो आणि नौदलाचा ब्रिसेट, दोघं त्या आगीतून बाहेर आले आणि पुढे तेरा दिवस तीळतीळ मेले. उशाशी होते ते दुसऱ्या विमानातले कैदी, त्यांच्याच देशाचे. बॉम्बच्या किरणोत्सर्गाचा हा आजार, पण तो कसला तेच तेव्हा कुणाला कळेना, तर उपचार काय करणार? १५ ऑगस्टला जपानने शरणागती जाहीर केली. हे दोघं गेले १९ ला. युद्ध संपून चार दिवस झाले होते हो!

हे लिहिताना मला सारखी आजी आठवतेय.

माझा थोरला मामा बोटीवर खलाशी होता. परक्या बंदरातच वारला. घरी आली ती दोन ओळींची तार. पुढे अकरा वर्षं आजी बोटीवरून सुट्टीवर आलेल्या प्रत्येकाला विचारायची, "शेवटी जवळ कोण होतं त्याच्या?"

मान्य, नील काही फुलं टाकायला गेला नव्हता. त्या बॉम्बने युद्ध लवकर थांबलं असंही म्हणतात, म्हणोत. पण त्याच्याही घरी कुणीतरी आजीसारखंच विचारत असणार ना?

त्याचं उत्तर शोधलं एका जपानी माणसाने. शिगेआकी मोरी. बॉम्ब पडला तेव्हा आठ वर्षांचे, पुलावरून ओढ्यात फेकले गेले म्हणून जगले. मोठेपणी नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, चाळीसेक वर्षं त्यांनी या बारा जणांचा माग काढला. इंग्रजी धड येत नसताना अमेरिकेत एकेका आडनावाच्या लोकांना फोन लावत बसायचे, नातेवाईक सापडेपर्यंत. कोठडी होती तिथे पदरमोड करून पाटी लावली. हिरोशिमाच्या मृतांच्या नोंदीत त्या पोरांची नावं घालून घेतली. २०१६ मध्ये ओबामांनी तिथे ज्यांना जवळ घेतलं, ते हेच. ज्यांनी आपलं गाव जाळलं, त्यांच्या आयांसाठी एवढं! मला नाही जमणार. पण निदान टाळ्या तरी वाजवू नयेत आपण.

मघाशी खूप चिडून लिहायला बसले होते. आता राग नाही उरला, नुसतं भरून येतंय.

अकरा वर्षांनी मामाचा एक जोडीदार आला आमच्याकडे, गुहागरकडचा. खुर्ची दिली तर बसला नाही, ओटीवरच भिंतीला टेकला. म्हणाला, "काकी, कावीळ झालेली. मी होतो. पाणी मीच पाजलं. घरच्या फणसाचं बोलत होता." आजी रडली नाही. आत जाऊन त्याच्यासाठी चहा ठेवला, परत येऊन समोर बसली आणि म्हणाली, "आता पहिल्यापासून सांग. सावकाश सांग."