‘फक्त मधला पॉइंट वापरा’ म्हणे!

लग्नसराई आली की फोटोवाल्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास उगवतं. त्यात लिहिलेलं असतं की फोकसला कायम मधलाच पॉइंट (फ्रेममधला ज्या ठिपक्यावर कॅमेरा फोकस लावतो तो) घ्या, बाकीचे शोभेचे. शटरचं बटण अर्धं दाबून फोकस लॉक करा आणि मग फ्रेम हलवा. सिंगल फोकस (एकदा लागला की थांबणारा) कंटिन्यूअसपेक्षा (सतत पाठलाग करणाऱ्यापेक्षा) नेहमी शार्प. आणि आय डिटेक्शन, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच डोळा ओळखून फोकस लावणं, ही नवशिक्यांची कुबडी. खाली पन्नास अंगठे. मीही पूर्वी अंगठा दिलाय, त्यामुळे आता जरा बोलतो.

मधल्या पॉइंटचं आधी. हा सल्ला खोटा नाहीये, जुना आहे. कॅननच्या फाइव्ह डी मार्क टू कॅमेऱ्याला (२००८) ९ पॉइंट होते आणि त्यातला फक्त मधला क्रॉस टाइप, म्हणजे उभे-आडवे दोन्ही तपशील पकडणारा, बाकीच्यांना एकच दिशा कळायची. संध्याकाळी मंडपात बाजूचा पॉइंट लावला की लेन्स नुसती पुढेमागे घुरघुरत बसायची. तेव्हा मधलाच बरा होता, मान्य. पण २०१२ मध्ये मार्क थ्री आला त्यात ६१ पॉइंट, पैकी ४१ क्रॉस टाइप. आणि मिररलेसमध्ये (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत) तर फोकसची सोय मेन सेन्सरवरच असते, जवळजवळ फ्रेमभर, तिथे मधल्या पॉइंटचा तो जुना मान राहिलेला नाही.

आणि अंतरपाट दूर होतो तो क्षण आठवा ना. नवरा डावीकडे, नवरी उजवीकडे, मधे काय? मागचा पडदा! मधला पॉइंट इमानदारीत पडद्यावर फोकस करतो. माझ्या एका चुलतभावाच्या लग्नात पडद्यावरची फुलं काय शार्प आलीयेत म्हणून सांगू, वहिनी अजून ऐकवते.

यावर उत्तर येतं की मग लॉक करून फ्रेम हलवायची, सोप्पंय. इथे खरी गोम आहे. लॉक केल्यावर तुम्ही कॅमेरा फिरवता तेव्हा फोकसचं प्रतलही (समोरची ती अदृश्य सपाट भिंत, जिच्यावरचं शार्प येतं) त्याच्याबरोबर फिरतं आणि डोळ्यांच्या मागे जाऊन पडतं. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३५ एमएमची लेन्स, एफ १.४ म्हणजे लेन्सचं छिद्र भरपूर उघडं, माणूस १ मीटरवर, आणि तुम्ही २० अंश फिरवलं, तर चूक येते साधारण ६ सेंटीमीटर. तिथे फोकसच्या अलीकडे, कॅमेऱ्याच्या बाजूला, धड ३.५ सेंटीमीटरही शार्प मिळत नाही, म्हणजे कान झकास आणि डोळे पुसट. लोक मग लेन्सला शिव्या घालतात, सर्व्हिस सेंटरला खेपा घालतात. एफ ८ ला (छिद्र लहान करून) तीन मीटरवरून ग्रुप फोटो काढताय? मग खुशाल हलवा, काही बिघडत नाही.

सिंगल आणि कंटिन्यूअसचा घोळ वेगळाच आहे. कंटिन्यूअसमध्ये बरेच कॅमेरे मुळातच रिलीज प्रायॉरिटीवर सेट असतात, म्हणजे फोकस लागो न लागो, बटण दाबलं की फोटो निघणार, आणि सिंगलमध्ये फोकस लागेपर्यंत अडून बसतात. फरक बराचसा या सेटिंगचा आहे, मेनूत जाऊन बदलता येतो. भिगवणला फ्लेमिंगो उडताना सिंगल लावून बघा, पहिल्या फ्रेमनंतर पक्षी कुठे आणि फोकस कुठे. फक्त एक, कंटिन्यूअसमध्ये अर्धं बटण दाबून फ्रेम हलवायची नाही, तो लगेच मागचं पाणी पकडतो. त्यासाठी फोकस शटरवरून काढून कॅमेऱ्याच्या मागच्या बटणावर टाकायचा आणि अंगठा उचलला की लॉक. म्हणजे अर्धं बटण दाबून लॉक करायचा सल्ला सिंगलमध्येच चालतो, कंटिन्यूअसमध्ये नाही, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने सांगितलेलंच नाही.

राहिली कुबडी. आय डिटेक्शन चुकतं, चुकतंच. मुंडावळ्यांच्या मोत्यांवर जाऊन बसतं, अक्षता उडाल्या की गांगरतं. तेव्हा मी छोटा सिंगल पॉइंट नवरीच्या जवळच्या डोळ्यावर जॉयस्टिकने नेऊन ठेवतो. बाकी वेळ कॅमेऱ्याला करू देतो आणि फ्रेमकडे बघतो, म्हणजे मागे उभे असलेले, तोंडात जिलबी कोंबणारे काका आधीच दिसतात.