दाढ काढणं स्वस्त, वाचवणं महाग

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार. कंटाळा आला तर सरका पुढे.

सकाळी मालवणात दाताच्या दवाखान्यात बसले होते. माझ्या आधी एक बाई, बरोबर चौथीतला मुलगा, गाल धरून. डॉक्टर म्हणाली, रूट कॅनाल करून वर टोपी बसवू, दाढ वाचेल. बाईनं आकडा ऐकला आणि म्हणाली, "काढूनच टाका ती. दुधाची आसा, दुसरी येतली."

दुधाची नव्हती हो! सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे ही पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरात कोणाला पत्ताच लागत नाही. डॉक्टरनं सगळं समजावलं. मग बाईचा प्रश्न, "बोटी सुटासर रवला तर चलात?" नवरा ट्रॉलरवर खलाशी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पैसा दिसणार तो ऑगस्टात. पोराला रात्रभर झोप नाही, तो ऑगस्टपर्यंत कसा थांबणार? काढली दाढ.

डॉक्टर लुटतात म्हणणाऱ्यांनी इथे येऊ नका. खुर्ची, कॉम्प्रेसर, सिमेंट, टोपी बनवणारी लॅब, सगळं तिला विकतच घ्यावं लागतं. (काही जण लुटतात, तेही खरं.) माझा राग मेडिक्लेमवर आहे. हात मोडला तर पैसे, पोट दुखलं तर पैसे, आणि दात? बहुतेक पॉलिसींत अपघात होऊन अ‍ॅडमिट झालात तरच. म्हणजे दाढ किडून उपयोग नाही, तोंडावर आपटायला हवं. दात काय शरीराला चिकटवलेत?

सरकारी दवाखान्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, मान्य. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येऊन दातही बघतं, तेही मान्य. पण पथकानं 'दवाखान्यात दाखवा' म्हणून दिलेला कागद दप्तरात चुरगळतो. त्या बाईनं एसटीनं जाऊन, रांग लावून, दाढेवरच्या किडीच्या एवढ्याशा काळ्या ठिपक्यासाठी दिवस मोडायचा? दुखत नाही तोवर कोण जातं? मी गेले असते का, कोण जाणे.

आणि तो काळा ठिपका तेव्हाच भरला असता तर रूट कॅनालच्या मानानं किरकोळ पैशात काम झालं असतं. त्याच्याही आधी, दाढ नवी असताना तिच्या खाचांवर सीलंटचा थर दिला असता तर कदाचित तेवढंही लागलं नसतं. हे तिला कोणी सांगितलं होतं? आज मात्र सगळे सांगत होते. बाकड्यावरची एक मावशी तर, "पोराक चाकलेटा कशाक दितास?" असं तिलाच. मला त्या मावशीच्या हातातली मशेरीची डबी दिसत होती. गप्प बसले.

चॉकलेटचं म्हणाल तर, किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त नडतं. प्रत्येक गोड घासाला तोंडातले जंतू आम्ल तयार करतात, लाळेला ते निस्तरायला अर्धा तास तरी लागतो. शाळेतून आल्यावर बिस्किट, मग सरबत, मग पुन्हा बिस्किट, लाळेनं करायचं काय? रात्री तर लाळ आटते, म्हणून झोपताना घासायचे. फ्लोराइडची पेस्ट, ट्यूबवर १००० पीपीएम (म्हणजे फ्लोराइडचं प्रमाण) लिहिलेली, आणि नुसतं थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनी घासून द्यायचे, पोरं पुढचेच दात घासतात आणि पळतात.

ती बाई पैसे देताना पदराच्या गाठीतल्या नोटा दोनदा मोजत होती. तिला मी काय म्हणणार होते, पेस्ट बदला?

चाकरमान्यांनो, गणपतीला येताना वाडीतल्या पोरांसाठी चॉकलेटचे डबे आणता ना, यंदा ब्रश आणि पेस्ट आणा. पोरं तोंड वाकडं करतील, करू देत. आणि मोदकांच्या वाटेला कोणी जायचं नाही, ते आपण जेवणाबरोबर खातो.